छोटा कॅमेरा, काळा दगड, पांढरा संगमरवर

कपाटातले जुने डिजिटल कॅमेरे पुन्हा बाहेर येऊ लागले आहेत. कॉलेजच्या मुलांना त्या फोटोंचा रंग आवडतो. वडीलधाऱ्यांना फोनच्या पडद्यापेक्षा हातात धरायचं बटण बरं वाटतं. त्याबरोबर प्रश्नही येतात, आणि ते ठरावीक असतात. घरात फोटो हलतात. काळ्या दगडाची मशीद राखाडी दिसते. फ्लॅश मारला तरी मागचं सगळं अंधारात जातं. लॅबमधून छापून आणलेल्या फोटोत मामांचं डोकं कापलेलं असतं. नवं ६४ जीबीचं कार्ड कॅमेरा ओळखतच नाही.

उत्तरं द्यायला मी बुऱ्हाणपूर निवडलं आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाताना हे स्टेशन लागतं आणि गाडीतून उतरलात की तुम्ही गावाच्या लालबाग भागात असता. इथून जवळचा भूमिगत कुंडी भंडारा, गावातली जामा मशीद, शाही किल्ल्यातला हमाम, बोहरा समाजाची पांढरीशुभ्र दर्गाह-ए-हकीमी आणि गल्लीगल्लीतले यंत्रमाग यांत छोट्या कॅमेऱ्याच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एका दिवसात भेटतात. तुम्ही दुसऱ्या गावी राहत असाल तर तिथला काळा दगड आणि तिथला अंधार शोधा. युक्त्या त्याच राहतात.

आधी मर्यादा समजून घ्या

बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांच्या आतला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. लग्नाचे फोटोग्राफर वापरतात त्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, क्षेत्रफळात सुमारे ३० पट. एवढ्याशा सेन्सरवर प्रकाशही कमीच पडतो, म्हणून अंधारात हा कॅमेरा धडपडतो. भर उन्हात मात्र तो कोणापुढे फारसा कमी पडत नाही. मेगापिक्सेलचा आकडा वाढवून यात फरक पडत नाही. ४ बाय ६ इंचाच्या उत्तम छपाईला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला साडेआठ-नऊ.

हिरव्या ऑटोमधून बाहेर या

वरच्या चकतीवर किंवा मेनूत ‘पी’ अक्षर असेल तर ते निवडा. लेन्सचं छिद्र आणि शटरचा वेग कॅमेराच ठरवतो, पण बाकीच्या किल्ल्या तुमच्या हाती येतात. हिरव्या ऑटोमध्ये त्यातल्या बऱ्याच बंद असतात. माझ्या मते शिकण्यासारख्या किल्ल्या चारच आहेत:

- अर्धं दाबलेलं शटर
- अधिक-उणे खुणेचं बटण, म्हणजे एक्स्पोजर कमी-जास्त करणं
- फ्लॅश सक्तीने चालू किंवा सक्तीने बंद
- आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता

सीन मोडच्या यादीतली निम्मी चित्रं दुकानदाराला दाखवायला असतात. पाळीव प्राणी, जेवणाचं ताट, फटाके. एकदा करून बघा आणि विसरून जा. कोणी हसलं की आपोआप फोटो काढणारी सोय तर बंदच ठेवलेली बरी, ती नेमकी चुकीच्या माणसाच्या हसण्यावर उडते.

शटर अर्धं दाबलं की पडद्यावरची छोटी चौकट हिरवी होते. म्हणजे फोकस लागला. बोट तसंच ठेवून चौकट हवी तशी हलवा आणि मग पूर्ण दाबा. ‘बटण दाबल्यावर उशिरा फोटो निघतो’ ही तक्रार निम्म्याहून अधिक इथेच संपते, कारण तो उशीर प्रामुख्याने फोकस शोधण्यात जातो. धावणाऱ्या पोराचा फोटो हवा असेल तर तो जिथे येणार त्या जागेवर आधीच अर्धं दाबून थांबा.

काळी मशीद राखाडी का दिसते?

कॅमेऱ्याला मशीद, दर्गाह, माणूस यातलं काही कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी मध्यम उजेडाचं असणार असं तो धरून चालतो. चौकट काळसर दगडाने भरली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो फोटो उजळवतो आणि दगड राखाडी होतो. पांढऱ्या संगमरवरासमोर उलट होतं. उजेड जास्त आहे असं समजून तो फोटो गडद करतो आणि दर्गाह मळकट निघते.

उपाय अधिक-उणे बटणात आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांवर ते मागच्या गोल किल्लीच्या एका बाजूला असतं, काहींत फंक्शन मेनूत.

- जामा मशिदीचा काळा दगड चौकट भरून घेताय: उणे २/३ ते उणे १
- दर्गाह-ए-हकीमीचा पांढरा संगमरवर: अधिक २/३ ते अधिक १
- माणूस दारात उभा, मागे झगझगीत ऊन: अधिक १, किंवा सक्तीचा फ्लॅश
- सूर्यास्ताचं आकाश: उणे २/३, म्हणजे रंग टिकतात

काळ्याला उणे आणि पांढऱ्याला अधिक, हे सुरुवातीला उलटं वाटतं. जागेवर दोन्ही काढून पडद्यावर बघा, लगेच पटेल. काम झालं की काटा शून्यावर आणायला विसरू नका. कॅमेरा बंद केला तरी काही मॉडेलांत तो तिथेच राहतो आणि पुढचे सगळे फोटो काळपट किंवा फिकट येतात.

जामा मशीद सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी राजांनी बांधली. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे आणि त्याचा वाचता येईल असा फोटो बहुतेकांना जमत नाही. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात. फ्लॅश बंद करा. दोन पावलं मागे सरा, थोडा झूम घ्या म्हणजे ओळी वाकड्या दिसणार नाहीत. अक्षरं उठून दिसायला उजेड बाजूने यावा लागतो, तेव्हा तिथे कुठल्या वेळी कुठून उजेड येतो ते बघून ठेवा. नमाजाची वेळ टाळा आणि आत कॅमेरा काढण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. दर्ग्यातही तसंच.

हमामचं रंगवलेलं छत: ट्रायपॉडशिवाय

शाही किल्ल्यातल्या हमामात मान वर केली की रंगवलेलं छत दिसतं. उजेड मंद आहे. इथे बहुतेकजण फ्लॅश मारतात. तो नुसता निरुपयोगी नाही, जुन्या रंगकामावर तो मारणंही बरं नाही. हात वर करून काढलेला फोटो तर हलणारच.

छोट्या कॅमेऱ्याची खरी गंमत इथे आहे. मोठ्या कॅमेऱ्याला जे कटकटीचं, ते याला सहज जमतं:

1. फ्लॅश सक्तीने बंद करा.
2. आयएसओ १०० वर ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तो ८००-१६०० वर नेईल आणि रंगांवर वाळू सांडल्यासारखे ठिपके येतील.
3. झूम पूर्ण मागे घ्या.
4. सेल्फ टायमर २ सेकंदांवर लावा.
5. जमिनीवर रुमाल पसरा आणि कॅमेरा पाठीवर झोपवा, लेन्स छताकडे.
6. बटण दाबा आणि बाजूला व्हा. तुमचं डोकं चौकटीत येतं, हे पहिल्या फोटोत कळतंच.

कॅमेरा जमिनीवर पडून असल्यामुळे एक सेकंदाचा फोटोसुद्धा हलत नाही. बरेच छोटे कॅमेरे साध्या मोडमध्ये एका सेकंदापेक्षा जास्त थांबत नाहीत. फोटो तरीही काळा आला तर मेनूत ‘लाँग शटर’ शोधा किंवा आयएसओ २०० करा. स्थिर जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यात हलणं सावरणारी यंत्रणा बंद केलेली चांगली.

जिथे टेकवायला काही नाही तिथे कोपरं पोटाशी घट्ट घ्या, पाठ खांबाला टेकवा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून तो ताणला जाईल इतका कॅमेरा पुढे धरा आणि श्वास सोडताना बटण दाबा. हात लांब करून, दोन बोटांत कॅमेरा धरून मंद उजेडात कोणालाही स्थिर फोटो येत नाही.

कुंडी भंडारा: धुकं आणि उजेडाचं भोक

१६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्झ या फारसी भूगर्भतज्ज्ञाच्या आखणीने ही भूमिगत पाणीयोजना उभी राहिली. सातपुड्याच्या उताराखाली झिरपणारं पाणी बोगद्यातून, कुंड्यांच्या मालिकेतून, केवळ उताराच्या जोरावर गावाकडे आणलं. २०२४ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. खाली जाण्यासाठी लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू आहे का, हे लालबागेत उतरल्यावर आधी विचारून घ्या.

खाली दोन गोष्टी त्रास देतात. एक म्हणजे दमट हवा. थंडीच्या सकाळी गार कॅमेरा घेऊन उतरलात किंवा मे महिन्यात एसी गाडीतून थेट आलात की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवूनच खाली न्या, पंधरा-वीस मिनिटं पिशवीबाहेरच्या हवेइतका उबदार होऊ द्या आणि मग काढा. सदऱ्याच्या टोकाने लेन्स पुसू नका. वाफ जाते, ओरखडा राहतो.

दुसरी गोष्ट वर बघताना येते. कुंडीच्या तोंडातून आकाशाचा गोल दिसतो, भोवती क्षारांच्या थरांनी मढलेल्या भिंती अंधारात. दोन्ही एका फोटोत नीट येणार नाहीत, ते सोडून द्या. एक निवडा. आकाशाचा गोल हवा असेल तर त्यावर रोखून अर्धं दाबा, भिंती काळ्या सावलीसारख्या येतील आणि तेच छान दिसतं. भिंती हव्या असतील तर भिंतीवर रोखून दाबा आणि गोल पांढरा जाऊ द्या. पाणी आणि ओली दगडी कड दोन्ही जवळ आहेत, तेव्हा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय इथे कॅमेरा हातात घेऊ नका.

यंत्रमागावर फ्लॅश का नको

मागाच्या शेडमध्ये कापसाची तूस हवेत तरंगत असते, डोळ्यांना दिसत नाही. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्यामुळे जवळच्या तंतूंवर तो आधी पडतो आणि फोटोभर पांढरे गोल उमटतात. ज्यांना त्यात भुतं दिसतात त्यांना खुशाल दिसू द्या, तुम्ही फ्लॅश बंद करा. धुळीत, पावसात, धुक्यातही असंच होतं.

तिथला उजेड ट्यूबलाइटचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून फार वेगवान शटरने काढलेले लागोपाठचे फोटो एक उजळ, एक पिवळट असे येतात. वेग १/५० च्या आसपास राहिला तर हे टळतं. व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवण्याच्या सोयीत, ट्यूबलाइटचं चित्र निवडा. धोटा हलता दिसला तरी चालेल, कारागिराचा चेहरा स्थिर हवा. तो सूत जोडायला थांबतो त्या क्षणी काढा. मालकाची आणि कारागिराची, दोघांची परवानगी घ्या. काम झालं की कॅमेरा लगेच बंद करा. आत-बाहेर सरकणाऱ्या लेन्सच्या नळीत तूस गेली की लेन्स अडकते आणि त्या दुरुस्तीला अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीइतका खर्च येतो.

मग फ्लॅश वापरायचा कधी?

दुपारी, उन्हात. हे ऐकून लोक हसतात, पण भर दुपारी टोपी, पदर किंवा झाडाच्या सावलीत चेहरा काळा पडतो तेव्हा विजेच्या बाणाचं चित्र निवडून सक्तीचा फ्लॅश मारा. डोळ्यांखालची काळी छाया निघून जाते. माणूस तीन-चार मीटरच्या आत हवा, त्यापुढे हा फ्लॅश पोचत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत लांबच्या मूर्तीवर मारलेला फ्लॅश पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतो.

बुऱ्हाणपूर केळीचा मुलूख. केळीच्या बागेत उभ्या केलेल्या पाहुण्यांचे चेहरे हिरवट येतात, कारण पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवा असतो. व्हाइट बॅलन्सने हे पुरतं सुटत नाही. त्यांना बागेच्या कडेला उघड्या आकाशाखाली आणा, केळी मागे राहू द्या.

झूम: एक खरा, एक खोटा

लेन्स पुढे सरकते तो ऑप्टिकल झूम. त्यानंतर नुसतं चित्र मोठं होतं तो डिजिटल. तो मेनूत जाऊन कायमचा बंद करा, घरी संगणकावर कापणं आणि तो वापरणं यात फरक नाही. खऱ्या झूमचीही किंमत मोजावी लागते. अनेक मॉडेलांत रुंद टोकाला छिद्र एफ २.८ असतं, लांब टोकाला एफ ५.९; म्हणजे उजेड चौथाईहून कमी. शिवाय हाताचा कंपही मोठा होतो. तापीपलीकडून, जैनाबादच्या बाजूने, किल्ल्याचा फोटो घ्यायचा तर सकाळी जा. उन्हाचे कोवळे किरण नदीकडच्या भिंतीवर येतात आणि झूमला पुरेसा उजेड मिळतो. असीरगडासारखा लांबचा डोंगर दुपारी धुरकटच येणार. पाऊस पडून गेल्यावरची सकाळ धरा.

छापताना डोकी का कापली जातात

छोट्या कॅमेऱ्याचा फोटो ४:३ प्रमाणाचा असतो. लॅबचा नेहमीचा कागद ४ बाय ६ इंच, म्हणजे ३:२. सहा इंच रुंदी भरली की उंची साडेचार इंच होते आणि अर्धा इंच कापला जातो. गटाचा फोटो डोक्याला चिकटवून काढला असेल तर तो अर्धा इंच मामांच्या कपाळातून जातो.

- वर-खाली थोडी जागा सोडून काढा, किंवा
- मेनूत ३:२ प्रमाण असेल तर ते निवडा, किंवा
- लॅबवाल्याला पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो छापायला सांगा.

फोटोवर तारीख छापण्याची सोय बंद ठेवा. ती पुन्हा पुसता येत नाही आणि तारीख तशीही फाइलमध्ये नोंदली जाते. त्यासाठी घड्याळ बरोबर हवं. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांचं घड्याळ शून्यावर येतं.

कार्ड आणि बॅटरी

कार्डावर आणि कॅमेऱ्यावर काय लिहिलंय ते जुळवा. नुसतं ‘एसडी’ लिहिलेला जुना कॅमेरा २ जीबीपर्यंतचंच कार्ड घेतो, ‘एसडीएचसी’ लिहिलेला ३२ जीबीपर्यंत. ६४ जीबीचं कार्ड ‘एसडीएक्ससी’ असतं आणि ते त्यात चालेलच असं नाही. ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांत एक्सडी, सोनीच्या जुन्यांत मेमरी स्टिक लागते; ती आता शोधावी लागते, तेव्हा फुकटात मिळालेला कॅमेराही कार्डासह मिळतोय का ते बघा.

फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड काढून बाजूला ठेवा, परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरने बऱ्याचदा ते मिळतात. नवा फोटो त्यांच्यावर लिहिला गेला की संपलं. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नका, चार्जही करू नका. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला साधे सेल काही मिनिटांतच दमवतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या.

विकत घेताना

ऑनलाइन स्वस्तात ‘४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ असे अनोळखी नावाचे कॅमेरे दिसतात. बहुतेकांत तो झूम डिजिटल असतो आणि फोकस एकाच जागी बसवलेला. तुमचा जुना फोन यापेक्षा चांगला फोटो काढतो. ओळखायची खूण लेन्सच्या कडेवर आहे. तिथे ४.५–३६ मिमी असं लिहिलं असेल तर ३६ भागिले ४.५, म्हणजे ८ पट खरा झूम. एकच आकडा असेल तर झूम नाही.

जुना घेत असाल तर दुकानातच हे बघा:

- लेन्स चार-पाच वेळा आत-बाहेर करा. खरखर नको, अडखळणं नको.
- पांढऱ्या भिंतीचा झूम करून फोटो काढा; काळे डाग दिसले तर धूळ सेन्सरवर आहे.
- लेन्समध्ये टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास असते.
- फ्लॅश, सगळी बटणं, चार्जर आणि बॅटरी टिकते का, तेही तपासा.

तुमचे हक्क, आणि जिथे ते संपतात

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूंत २०१८ पासून, ताजमहालातल्या समाधिकक्षासारखे मोजके अपवाद वगळता, साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायला मुभा आहे. ट्रायपॉड, वेगळे दिवे, व्यावसायिक चित्रीकरण आणि ड्रोन यांना आधी परवानगी लागते. दारातला फलक वाचा. तिथे काही वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. लालबागेत उतरल्या उतरल्या रुळांवर उभं राहून फोटो काढायचा मोह अनेकांना होतो; रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा कॉपीराइट फोटो काढला त्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणीची गरज नाही. गावातल्या कोणी तो न विचारता बॅनरवर छापला तर तुम्ही हरकत घेऊ शकता. मूळ फाइल जपून ठेवा, तोच पुरावा. उलट, कोणी पैसे देऊन तुमच्याकडून बारशाचे फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइट त्या पैसे देणाऱ्याचा होतो. तुमच्या जाहिरातीत ते वापरायचे असतील तर आधीच लेखी ठरवा.

आणि दुकानदाराने ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारला, तरी सदोष कॅमेरा परत घ्यायचं नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणंही त्याच यादीत येतं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. पक्कं बिल नसेल तर हे सगळं सिद्ध करणं अवघड जातं, तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी बिल मागा आणि त्यावर मॉडेल आणि क्रमांक लिहून घ्या.